अंगणापासून भोंग्यापर्यंत

आई कामावर गेली की मागे राहिलेल्या मुलाचे काय? वसईपासून तलासरीपर्यंतच्या पट्ट्यात हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी होता, आजही आहे. तेव्हा आई जमीनदाराच्या शेतावर आवणीला जायची, पावसाळा सरला की गवत कापायला जायची. आज ती नालासोपाऱ्याच्या नाक्यावर मजुरीची वाट बघत उभी असते, नाहीतर वसई पूर्वेच्या वीटभट्टीवर नवऱ्याच्या जोडीने विटा पाडते. मूल मात्र होते तिथेच आहे, मोठ्या बहिणीच्या कडेवर किंवा झाडाला बांधलेल्या झोळीत.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याचे तालुके आठ. एका टोकाला वसई-विरार, जिथे २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर माणसे मोजली गेली. दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाडा, जिथल्या बालमृत्यूंच्या बातम्या दर दोन-चार वर्षांनी मंत्रालयापर्यंत पोचतात. महाराष्ट्रातला बालकल्याणाचा विचार पुण्या-मुंबईत जन्मला खरा, पण त्याचा कस लागला तो या जिल्ह्यात. तो लावला प्रामुख्याने स्त्रियांनी, आणि त्यासाठी त्यांना आधीच्या पिढीची रीत पार उलटी करावी लागली. ती कशी उलटली, त्यातले सरकारने काय उचलले आणि काय टाकून दिले, हे एकदा सलग पाहायला हवे.

आधीच्या पिढीचे काम आसऱ्याचे होते. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे जीव देणे किंवा अर्भकाचा जीव घेणे एवढेच उरत असे. अशा बाईने इथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल ठेवून जायचे तर ठेवून जावे, अशी ती सोय होती. तिथे जन्मलेल्या एका मुलाला दोघांनी दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्ण पोचवतानाच सावित्रीबाईंना लागण होऊन त्या गेल्या. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच वर्षी सप्टेंबरात शिकागोत जेन ॲडम्स यांनी हल हाउस सुरू केले. जगातल्या समाजकार्याच्या पुस्तकांत दुसरे नाव ठळक असते. पहिलेही तितकेच ठळक असायला हवे होते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात फिरून उपाशी मुली गोळा केल्या आणि त्यांना केडगावला आणून वाढवले. पुढे रमाबाई रानडे यांचे पुण्यातले सेवासदन आले. कायदाही हळूहळू जागा झाला. १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा झाला. योगायोग असा की एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईने लिहिलेला बालहक्कांचा जाहीरनामाही जिनिव्हात राष्ट्रसंघाने त्याच वर्षी स्वीकारला.

या सगळ्या कामाची दिशा एकच होती: संकटातले मूल होते तिथून उचलायचे आणि सुरक्षित भिंतींच्या आत आणायचे. अनाथ, टाकलेल्या, विधवेच्या मुलासाठी ते योग्यच होते. पण वारली किंवा कातकरी मूल अनाथ नव्हते. त्याला आई होती, बाप होता, पाड्यावर झोपडी होती. नव्हते ते आई-बापाच्या हाती स्वतःचे दिवस, पोटभर अन्न आणि सावकाराच्या दारातून सुटका. अशा मुलाला आश्रमात नेऊन काय साधणार? हा प्रश्न ज्या बाईने पहिल्यांदा नीट ओळखला, ती खरे तर शहरातल्या मध्यमवर्गाची शिक्षणतज्ज्ञ होती.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. प्रार्थना समाजाच्या वातावरणात वाढलेल्या ताराबाई १९१४ मध्ये बी.ए. झाल्या. संसार टिकला नाही. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी भूषवले. पगार, मान, बंगला सगळे असताना १९२३ मध्ये ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. गिजुभाईंनी मॉन्टेसरी पद्धत गुजरातीत आणली होती. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला, शिक्षणपत्रिका चालवली, आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब कामगारवस्तीत निघाले होते. आई-बाप कामावर गेले की चाळीत मोकाट फिरणारी, भिंती खराब करणारी पोरे सांभाळायला कोणीतरी हवे म्हणून. पण तीच पद्धत भारतात आली तेव्हा सोबत परदेशी लाकडी साधने आली, त्यांच्या किमती आल्या, आणि बघता बघता ती सुखवस्तू घरांतल्या मुलांची झाली. आपण शहरातल्या पोटभर जेवलेल्या मुलांना शिकवतो आहोत, ही टोचणी ताराबाईंना लागली. गांधीजींनीही त्याच सुमारास नई तालीम सात वर्षांच्या अलीकडे, अगदी लहान मुलापर्यंत नेण्याचा विचार मांडला होता. १९४५ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाईंनी दादर सोडले आणि समुद्रकाठच्या बोर्डीला बिऱ्हाड हलवले. त्या वर्षाच्या डिसेंबरात तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

बोर्डीत त्यांना पहिलाच धडा मिळाला तो असा की नीटनेटकी बालवाडी उघडून बसले की जवळच्या आणि बऱ्या घरातलीच मुले येतात. मच्छीवाड्यातले, हरिजनवाड्यातले मूल येत नाही. त्याला अंगावर धड कपडा नसतो, घरी आणून सोडणारे कोणी नसते, आणि दारात आल्यावर आपण इथले नाही हे त्याला लगेच कळते. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्या वस्तीत नेली. वस्तीतले एखादे मोठे अंगण निवडायचे, आधी ते झाडायचे. मुलांना हाका मारून जमवायचे, नाक-डोळे पुसायचे, नखे काढायची, केस विंचरायचे, जमले तर आंघोळ घालायची. मग शिंपले, बिया, पाने, खडे, माती घेऊन बसायचे. मोजणी शिंपल्यांवर, रंगांची ओळख पानाफुलांवर, बोटांना वळण मातीच्या गोळ्यांवर. परदेशी साधनांतून मॉन्टेसरींना जे साधायचे होते ते सगळे इथे बिनपैशात मिळत होते. भोवती बायका उभ्या राहून बघत असायच्या. मुलाचे डोके कसे धुवायचे, खरूज कशी बरी होते, हे त्यांना वेगळे व्याख्यान देऊन सांगायची गरज पडत नसे. आज देशभर गावोगावी पाटी दिसते ती अंगणवाडी जन्मली ती अशी.

ताराबाईंना हात मिळाला तो अनुताई वाघ यांचा, आणि इथून पुढची खरी कर्ती बाई तीच. अनुताई १९१० मध्ये मोरगावला जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत कुंकू पुसले गेले. त्या काळात अशा मुलीचे पुढचे आयुष्य माजघरात ठरलेले असे. अनुताई शिकल्या. १९२९ मध्ये पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून पहिल्या आल्या, खेड्यात शिकवले, मग हुजूरपागेत नोकरी केली, नोकरी सांभाळून मॅट्रिक केले. १९४५ मध्ये कस्तुरबा स्मारकाच्या शिबिरासाठी त्या बोरिवलीला आल्या होत्या, तिथे ताराबाईंची गाठ पडली आणि त्या बोर्डीला गेल्या. पुढची सत्तेचाळीस वर्षे, १९९२ मध्ये डोळे मिटेपर्यंत, त्यांनी हा परिसर सोडला नाही. बी.ए.ची पदवी त्यांनी पन्नाशी उलटल्यावर, १९६१ मध्ये घेतली.

१९५७ मध्ये काम बोर्डीहून डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेले. बोर्डीत निदान गाव होते. कोसबादला विखुरलेले वारली पाडे. इथे अंगणवाडीही पुरेना. मुले यायची आणि दोन दिवसांनी नाहीशी व्हायची. आदिवासींना शिक्षणाची आवडच नाही, असे म्हणून मोकळे होणारे तेव्हाही पुष्कळ होते. अनुताई आणि ताराबाई पाड्यावर जाऊन बघायला लागल्या आणि प्रत्येक गैरहजेरीमागे एकेक ठोस कारण सापडत गेले.

आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर वर्षाचा भाऊ आहे. आई कामावर गेलेली असते, त्याला टाकून ही येणार कशी? मग तिने भावालाही घेऊन यावे. त्यासाठी पाळणाघर. भाऊ पाळण्यात, मधले भावंड बालवाडीत, आणि मुलगी पहिलीच्या वर्गात. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली जोडून जी रचना झाली ती विकासवाडी. कागदावर ती शिक्षणशास्त्रातली मोठी कल्पना वाटते. जमिनीवर ती एका मुलीची कड मोकळी करण्याची युक्ती होती. तिचा दुसरा फायदा पुढे दिसला. बालवाडीतले मूल पहिलीत जाताना नव्या जागेला, नव्या माणसांना बुजत नसे, कारण जागा तीच आणि माणसे तीच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकसलग पायाभूत टप्पा आखला आहे. कोसबादला ते साठ वर्षांपूर्वी चालू होते.

मुलगा येत नाही, कारण त्याच्याकडे गुरे आहेत. ढोरे राखायची तर रानात जावे लागते आणि त्याच्या दिवसभराच्या राखोळीवर घरातले एक पोट चालते. मग बाई पिशवीत पाटी, खडू, चित्रे घेऊन माळावर गेल्या. गुरे चरताहेत, पोरे झाडाखाली बसली आहेत, एक डोळा गाईकडे आणि एक पाटीकडे. या कुरणशाळा. गुरे कोणाच्या शेतात शिरली तर वर्ग तिथेच थांबायचा, पोरे धावायची, परत यायची आणि धडा पुढे चालू व्हायचा. मला या सगळ्या आढाव्यात सर्वांत मोलाची गोष्ट कोणती वाटते असे विचारले तर मी कुरणशाळेचे नाव घेईन. मूल शाळेच्या वेळेत बसत नाही म्हणून शाळेनेच मुलाच्या वेळेत बसायचे, हे तिथे कोणताही ठराव न करता घडले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. त्यानंतर अनुताईंनी काम आणखी आतल्या पाड्यांत नेले, आणि १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही संस्था काढली, जी आजही डहाणूच्या ऐने परिसरात मुलांच्या शिक्षणाचे प्रयोग करते.

मात्र या कथेला एक दुसरी बाजू आहे, आणि ती वगळली तर हा आढावा लंगडा राहील. ज्या १९४५ साली ताराबाई आणि अनुताई बोर्डीला आल्या, त्याच वर्षी २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारल्यांची सभा भरली. ती गोदावरी परुळेकरांच्या कामातून उभी राहिली होती. पुण्याच्या गोखल्यांची ही मुलगी, महाराष्ट्रातली पहिली महिला कायदा पदवीधर, भारत सेवक समाजाची पहिली महिला आजीव सदस्य. मुंबईत साक्षरतेचे वर्ग आणि घरकामगार बायकांची संघटना असे शिरस्त्यातले समाजकार्य करून ती किसान सभेत आली आणि वारल्यांच्या झोपड्यांत राहिली. तिथे तिने वेठ पाहिली. लग्नासाठी सावकाराकडून शे-दोनशे रुपये घ्यायचे आणि मग नवरा-बायकोने आयुष्यभर त्याच्या दारी राबायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. त्याची मुलेही त्याच दारी गुरे राखत मोठी व्हायची. झरीच्या सभेनंतर वेठीला आणि लग्नगडीला वारल्यांनी साफ नकार दिला. १० ऑक्टोबरला तलवाड्याजवळ जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड त्यात मारला गेला. परुळेकरांना जिल्हाबंदी झाली. गोदावरीबाईंनी हे सारे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले. त्याला १९७२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

एकीकडे काँग्रेसकडून मुंबई विधिमंडळात बसलेल्या ताराबाई, दुसरीकडे लाल बावट्याच्या गोदावरीबाई. दोघींची माणसे तीच, डोंगर तेच, सालही तेच. वाटा मात्र एकमेकींना तोडून जाणाऱ्या. आपल्याकडे या दोघींना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायची सवय आहे, एक शिक्षणाच्या आणि दुसरी चळवळीच्या. मला ही विभागणी चुकीची वाटते. कोसबादच्या शाळेत मूल आले, कारण त्याच्या बापावरचा सावकाराचा हक्क काही वर्षे आधी मोडला गेला होता. वेठीत असलेला बाप मुलाला शाळेत धाडण्याचा निर्णय घेऊच शकत नाही. तो निर्णय मालकाचा असतो. आणि उलटही तितकेच खरे आहे. वेठ मोडली म्हणून पाड्यावर पाळणाघर आपोआप उगवत नाही. ते कोणीतरी बसून, नखे काढून, गाणी म्हणून उभे करावे लागते. चळवळीतल्या लोकांनी हे काम दुय्यम मानले, शिक्षणातल्या लोकांनी जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न बाजूला ठेवला. या दोन्ही चुकांची किंमत मुलांनी भरली.

सरकारने यातले उचलले ते नाव. मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने १९७२ मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलांविषयी अहवाल दिला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. इतक्या मोठ्या प्रमाणावर लहान मुलांपर्यंत पोचणारी योजना जगात क्वचितच असेल आणि तिने असंख्य मुले जगवली, हे निर्विवाद. पण सहा सेवांच्या यादीत पूर्वप्राथमिक शिक्षण असले तरी प्रत्यक्षात ते शेवटीच राहते. आधी पोषण आहार, वजन, लसीकरण, नोंदवह्या, आता मोबाइलवरची माहिती भरणे, आणि त्यातून वेळ उरला तर गाणी-गोष्टी.

त्याहून मोठी गळती दुसरीकडे झाली. बोर्डीत अंगण झाडणारी बाई ही त्या प्रयोगाची मुख्य व्यक्ती होती. तिला प्रशिक्षण होते, मुभा होती, आपल्या डोक्याने काम बदलण्याचा अधिकार होता. योजनेने तिला मानसेवी कार्यकर्ती केले आणि पगाराऐवजी मानधन दिले. केंद्राने २०१८ मध्ये आपला वाटा तीन हजारांवरून साडेचार हजार रुपयांवर नेला. राज्य त्यात भर घालते, पण तिला सरकारी कर्मचारी कोणी म्हणत नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क तिला आहे, हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीत बराच काळ चालला. सेवाभाव या शब्दाखाली बायकांचे काम फुकटात करून घ्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. अनुताईंचे फोटो भिंतीवर लावून तीच रीत चालवणे हा त्यांचा मान नव्हे.

आता वसईकडे. हा तालुका एक असला तरी त्यात दोन वसया आहेत. पश्चिमेला केळीच्या, पानवेलींच्या वाड्या, चर्च, शंभर-शंभर वर्षांच्या शाळा, पिढ्यानपिढ्या शिकलेली घरे. महामार्ग ओलांडून पूर्वेला गेले की भाताणे, पारोळ, उसगाव, आणि तिथे ऐंशीच्या दशकातही वेठबिगार होते. १९७६ मध्ये कायद्याने वेठबिगारी बंद झालेली. तरी मुंबईपासून लोकलच्या अंतरावर माणसे कर्जापायी बांधलेली होती. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद ही संस्था काढली आणि मजुरांना सोडवता सोडवता पुढे श्रमजीवी संघटना उभी राहिली. वर ज्या दोन वाटांबद्दल लिहिले त्या इथे पहिल्यांदा एका घरात आल्या: संघटनाही तीच माणसे करणार आणि शाळाही.

विद्युल्लताबाईंचे नाव जोडले जाते ते नव्वदच्या दशकातल्या भोंगाशाळांशी. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाड्याची कातकरी-वारली कुटुंबे बयाणा घेऊन वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. भट्टीच्या कडेला विटा रचून, वर पेंढा किंवा प्लास्टिक टाकून उभारलेली बुटकी खोप म्हणजे भोंगा. आत सरळ उभे राहता येत नाही. काम सुरू होते मध्यरात्रीनंतर, कारण उन्हात गारा वाळतो. हिशेब हजार विटांवर असतो, त्यामुळे घरातला प्रत्येक हात मोजणीत येतो. सहा-सात वर्षांचे पोर अर्धवट सुकलेल्या विटा पालटायला बसते, बोटे लहान आणि अंग हलके म्हणून. आठवड्याला खर्ची मिळते, बाकीचा हिशेब पावसाळ्याच्या तोंडावर, आणि पुष्कळदा त्यात बयाणाही फिटत नाही. या सहा-सात महिन्यांत मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते आणि मूल भट्टीवर असते. गावची शाळा त्याला गैरहजर लावते, भट्टीजवळची शाळा त्याला ओळखत नाही.

भोंगाशाळेने वर्गच भट्टीवर नेला. जवळपासच्या शिकलेल्या पोरा-पोरींना शिक्षक केले, भोंग्यासारख्याच खोपीत मुले बसवली, आणि हंगाम संपून घरी परतल्यावर गावच्या शाळेत त्यांना पुढच्या वर्गात घ्यावे यासाठी भांडण मांडले. बोर्डीचे अंगण, कोसबादचे कुरण आणि वसईची भट्टी या एकाच विचाराच्या तीन पायऱ्या आहेत. फरक इतकाच की भट्टीवर मालकाशी संघर्ष टाळता येत नाही, कारण मूल वर्गात बसले तर विटा कमी पडतात. म्हणून संघटनेशिवाय भोंगाशाळा टिकत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकासारख्या योजना राज्याने पुढे आणल्या. त्यांच्या मुळाशी अशा आग्रहांचा वाटा आहे.

मुंबईत आणि इतरत्र या काही दशकांत ज्या बायकांनी नवे काही केले त्यांनीही मुलाच्या जागी जाण्याचाच मार्ग धरला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर काढले आणि मोबाइल क्रेशेस ही संस्था झाली. तिचे काम नंतर मुंबईतही आले. प्रीती पाटकर यांनी १९८६ मध्ये प्रेरणा सुरू केली आणि कामाठीपुऱ्यातल्या मुलांसाठी रात्रीचे पाळणाघर उघडले, कारण तिथल्या आयांचे काम रात्री चालते. जेरू बिलिमोरिया यांनी १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आधाराने मुंबईत १०९८ हा क्रमांक सुरू केला, जो रस्त्यावरचे मूल स्वतः फिरवू शकते. पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालय गाठले. १९८६ च्या त्या आदेशांनंतर त्याच वर्षी देशभरासाठी एकच बालन्याय कायदा आला. आणि गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी गावातल्याच बाईला नवजात बाळ वाचवण्याचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले. कोसबादचाच धडा तिथे दवाखान्याच्या भाषेत सिद्ध झाला.

हे सगळे हाताशी असताना जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये शंभरावर मुले कुपोषणाने आणि आजारांनी गेली. कोसबादपासून हे अंतर फार नाही. त्यानंतर योजना पुष्कळ आल्या. २०१५ पासून गर्भवतींना एकवेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना हे त्यातले चांगले पाऊल. परंतु जेवण अंगणवाडीत शिजते आणि बाई त्या महिन्यांत भिवंडीच्या भट्टीवर असते. अनुताईंनी जी चौकशी प्रत्येक गैरहजर मुलामागे केली ती इथे कोणी करत नाही. गैरहजर म्हणजे गैरहजर, एवढ्यावर नोंद संपते.

आणि शेवटी तो नाका, जिथून हा लेख सुरू झाला. ३ जुलै २००९ ला वसई-विरार महानगरपालिका झाली आणि तेव्हापासून हे शहर अखंड बांधले जात आहे. बांधणारी माणसे पूर्वेच्या पाड्यांतली आहेत, मराठवाड्यातली आहेत, उत्तरेतली आहेत. त्यांची मुले वाळूच्या ढिगावर खेळतात, अर्धवट जिन्यावर झोपतात. १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्याने सांगितले की पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि सांभाळणारी बाई हवी. बांधकाम खर्चावर उपकर गोळा होतो, तो मजुरांच्या कल्याणासाठीच असतो. म्हणजे कायदा आहे, पैसाही आहे. पळवाटही आहेच: ठेकेदार बदलले, हजेरीपटावर बायका पन्नासच्या आत ठेवल्या की जबाबदारी संपली. नालासोपारा-विरारच्या चाळींत पहाटेची लोकल पकडून घरकामाला जाणाऱ्या आयांसाठी अंगणवाडीचे दोन-चार तासही अपुरे पडतात. अंगणवाडीला जोडून पाळणाघर ही कल्पना केंद्राच्या पाळणा योजनेत आता आली आहे. कोसबादच्या टेकडीवर ती १९५७ पासून उभी होती.

पन्नासची अट आकड्याची आहे, म्हणून ती काढून टाकली पाहिजे. बायका दहा असोत की पाच, मूल आले की पाळणाघर आले, असा नियम महापालिकेने बांधकाम परवान्याच्या अटींतच घालावा. त्यासाठी दिल्लीची वाट पाहायचे कारण नाही. अंगणवाडी सेविकेला पूर्ण वेतनाची कर्मचारी मानावे आणि भट्टीच्या हंगामात तिची अंगणवाडी भट्टीवर जाईल अशी तिला मुभा व साधने द्यावीत. आणि वसई-विरारमध्ये घर घेणाऱ्या वाचकाला एक विनंती: बुकिंगच्या वेळी पार्किंग आणि जिमची चौकशी आपण करतोच, त्याच दमात बिल्डरला विचारा की या साइटवरचे पाळणाघर कुठे आहे, आणि ते दाखवायला सांगा.